काळ्या कुसळांचं भात

नातीच्या पुस्तकात शेतीच्या शब्दांचे अर्थ दिलेत. 'बियाणे : पेरणीसाठी राखून ठेवलेले धान्य.' झालं, संपलं! लिहिणाऱ्याचं चुकलं नाही, पण ते राखायचं कशात आणि ओळखायचं कसं, हे कोण सांगणार? मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून मी सांगते.

माझं माहेर खानापूरकडचं. तिकडं भात ठेवायला कणगी, म्हणजे बांबूच्या पट्ट्यांची विणलेली, पुरुषभर उंच टोपली. रोजच्या खाण्याची कणगी उघडी. बियाण्याची मात्र शेणानं तोंड लिंपून बंद करायची. उपाशी मरायची वेळ आली तरी लिंपलेल्या कणगीला हात लावायचा नाही, हे मला चालता येऊ लागल्यापासून ठाऊक होतं.

मी लग्न होऊन गुंद गावाजवळच्या रानातल्या घरात आले, तेव्हा आमचा मुलूख मुंबईकडून म्हैसूरकडं जाऊन वर्षच झालं होतं. इथले शब्द वेगळे. डोंगरउतारावरची झाडं तोडायची, जाळायची आणि त्या राखेत नाचणी टाकायची, ती कुमरी. ती जंगलवाल्यांनी बंद केली होती, सासरे अजून तिच्या नावानं उसासे टाकायचे. रोपं वाढवायची ती तरव्याची जागा; तिच्यावर पालापाचोळा पसरून जाळायचा, तो राब. रोपं चिखलात लावायची ती लावणी, कानडी माणसं तिला नाटी म्हणत. महिन्याभरात मी सगळं शिकले आणि मला वाटलं, आता आपल्याला येतंय. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले होते, दुसरं काय!

माघात सासू-सासरे उळवीच्या जत्रेला गेले. नवरा रानात लाकूडतोडीच्या कामावर, चार दिवसांनी येणार. घरात मी आणि म्हातारी आजेसासू, तिला दिसत नव्हतं की ऐकू येत नव्हतं. तशात उघड्या कणगीतलं भात संपलं. आता घरात दोनच गोष्टी उरल्या : एक लिंपलेली कणगी आणि चुलीवरच्या आढ्याला टांगलेली मुडी. गवताच्या पेंढ्यांत भात घालून वरून दोरानं गच्च आवळलेला गोल गठ्ठा, ती मुडी. माझ्या माहेरी अशी मुडी कधीतरी घाटाखालून यायची, खायचं भात घेऊन.

मी शहाणी. लिंपलेल्या कणगीला हात लावला नाही. मुडी खाली काढली.

आमच्याकडं भात आधी उकडायचं, मग वाळवून कांडायचं, तो उकडा तांदूळ. जळण वाचावं म्हणून सगळी मुडी मोठ्या हंड्यात दोनदा करून उकडली आणि अंगणात चटईवर पसरली. दाण्यांना लांब काळी कुसळं होती, म्हणजे टोकाला सुईसारखे केस. हाताला टोचत होती. सासूबाई आल्या की म्हणतील, सून कामाची हाय.

त्या तिसऱ्या दिवशी आल्या. अंगणातच थांबल्या. खाली बसून एक दाणा उचलला, दातांखाली धरला.

"ह्ये कुटलं गं?"

"मुडीतलं, आत्या. कणगी बियाण्याची म्हणून…"

"कणगी खायाची," त्या म्हणाल्या. "घुशी लागत्यात म्हणून लिंपली. बी मुडीत असतंय. धूर लागाया पायजे त्येला."

उकडलेला दाणा रुजत नाही. हे मला माहीत होतं. हे कुणाला माहीत नसतं? त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. सासऱ्यांनी नुसतं चटईकडं पाहिलं, डोक्याचं मुंडासं सोडलं आणि आत गेले.

साधं भात लिंपलेल्या कणगीतही होतं, मजुरीत मिळालेलं; शेजारीही नाही म्हणणारे नव्हते. पण आमचं शेत रानाच्या काठाला. साधं भात लावलं तर रानडुकरं एका रात्रीत लोळवून जायची. ह्या कुसळांच्या भाताला ती तोंड लावत नसत, टोचायचं म्हणून. आसपास ते आमच्याच घरी होतं, आणि घरात त्या मुडीतच उरलं होतं. सासूबाईंच्या ओटीत त्यांच्या आईनं लग्नात घातलेलं, चार ओंजळी. तेवढ्यावरून त्यांनी ते वाढवलं होतं.

"माज्या भावाकडं हाय की," त्या संध्याकाळी म्हणाल्या. "रडू नको. एक मुडी मागून आणतो."

दोन डोंगर ओलांडून त्यांचं माहेर. पहाटे भाकरी बांधून एकट्याच गेल्या. ते दोन दिवस मी कशी जगले ते माझं मला ठाऊक. देवा, एकदा दे, पुन्हा काही मागणार नाही, एवढंच म्हणत होते. येताना दिसल्या, तेव्हा मी धावत बांधापर्यंत गेले. डोक्यावर काही नव्हतं.

पाणी दिलं. ते सगळं पिऊन त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"भावाचं तीन वर्सामागं गेलं. पुरात. मला सांगितलंच न्हाई त्येनं."

"मग आता?"

"मी काय मागायच्या आदी त्योच म्हणाला, आक्का, बरं झालं आलीस. तुज्याकडं हाय म्हणून मी निवांत हाय बग. औंदा एक मुडी मला दे."

"आणि तुम्ही काय म्हणालात, आत्या?"

सासूबाई पदरानं तोंड पुसत राहिल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "देतो म्हटलं."