आईला सोसेल असं कुत्रं

कंग्राळीच्या अक्काताई घरात एकट्याच उरल्या, तेव्हा बेंगळुरातल्या मुलाने, नागेंद्रने, त्यांच्या सोबतीला कुत्रं शोधायला घेतलं. एवढी चिकित्सा त्याने स्वतःच्या लग्नात केली नव्हती. लॅब्रॅडॉर प्रेमळ, पण एका हिसक्यात म्हातारी तोंडावर आपटेल. शिकारी मुधोळ कुत्र्याला ससा दिसला की त्याच्यामागे फरफटत आई थेट शेजारच्या गावात. पामेरियन भुंकून डोकं उठवणार. शेवटी पग ठरला. लहान, शांत, मांडीवर पडून राहणारा. सुनेने, रूपालीने, त्याचं नाव ब्रूनो ठेवलं. आईला काय हवंय, हे मात्र कुणी विचारलं नाही.

तसं अक्काताईंना कुत्र्यांचं वावडं नव्हतं. पण गल्लीतलं कुत्रं सगळ्या गल्लीचं असतं. आज या दारात चतकोर भाकरी, उद्या त्या दारात. एक घर गावाला गेलं म्हणून ते उपाशी राहत नाही. ब्रूनोची तऱ्हाच वेगळी. तो अक्काताईंच्या हातचंच खाई, त्या न्हाणीघरात गेल्या तरी दाराशी केकाटे आणि उन्हात नेलं की चपट्या नाकाने धापा टाकी. जीव लावला होता त्याने, नाही कशाला म्हणा! पण अक्काताईंच्या पायात दावं पडलं ते पडलंच. खडेबाजारातली खरेदी सुटली, हळदीकुंकू सुटलं, उंबऱ्याबाहेर बसणंही सुटलं.

अशात खानापूरची धाकटी बहीण जयाबाई खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळली. "आक्का, एकदा तोंड दावून जा गं," म्हणून फोनवर रडली. शेजारच्या शेवंताबाईंनी ब्रूनोला एक दिवस ठेवून बघितलं. त्याने भाकरीला तोंड लावलं नाही. "ह्याचं काय बरंवाईट झालं तर तुमचा ल्योक मला बोलंल," म्हणून त्यांनी हात जोडले. नागेंद्र म्हणाला, "आई, रविवारी मी येतो, मग तू जा." तो रविवार काही उगवेना. कधी मीटिंग, कधी पोरांची परीक्षा.

शेवटी अक्काताईंनीच फोन लावला. "नागू, ब्रूनो उठंना रं. खाईनाबी. मला लई भ्या वाटाय लागलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दारात! नागेंद्र चपलांसकट आत धावला. ब्रूनो दूधभात संपवून रिकामी वाटी ढकलत होता.

"आई, ह्याला काय झालंय?"

"कायबी न्हाय." धुवट लुगडं नेसून, पिशवी घेऊन अक्काताई उभ्याच होत्या. "तू बस ह्याच्याजवळ. मी जयाकडं जाऊन येतो."

नागेंद्र भडकला. "खोटं बोलून बोलावलंस? रात्रभर गाडी चालवत आलोय मी, रजा टाकून!"

युक्ती फळली की हसू येईल, असं अक्काताईंना वाटलं होतं. पण त्यांना रडूच कोसळलं.

"जया हाथरुणात पडलीया म्हणून सांगिटलं, तवा तुला रजा मिळंना. उद्या मला कायतरी झालं तर काय सांगू रं? कुत्रं आजारी हाय म्हणून सांगू?"