चिरफाडे डॉक्टर

वॉर्डात माणूस गेला की इतर डॉक्टर लगबगीने दुसऱ्या खाटेकडे वळत. चिरफाडे डॉक्टर मात्र नातेवाइकांशेजारी फरशीवर बसत. रडणं जरा ओसरलं की हात जोडून म्हणत, "कायनं गेला, मले समजलं नाही. उघडून पाहू द्या." भंडाऱ्याच्या दवाखान्यात त्यांना हे नाव त्यामुळेच पडलं. पोलिसांची केस नसताना प्रेत उघडायला मागणारा डॉक्टर लोकांनी पाहिलाच नव्हता.

लोक शिव्या देत. "जित्तेपनी बरा नाही केला, आता मेल्यावर फाडता काय?" एकदा प्रेत घेऊन कारध्याकडे निघालेल्या बैलगाडीमागे ते पुलापर्यंत विनवत गेले, तेव्हा गाडीवानाने चाबूक उगारला. तरी ते थांबले नाहीत. नव्या डॉक्टरांनी दाखल्यावर 'हृदय बंद पडल्याने मृत्यू' असं लिहिलं की मात्र संतापत. "हृदय तं सगळ्याइचंच बंद पडते. काहून बंद पडलं ते सांगा!"

माझा मोठा भाऊ देवराम लांबलेल्या तापाने तिथेच गेला. मी नागपूरला मेडिकलच्या पहिल्या वर्षाला होतो; तार मिळताच आलो होतो. माझं शिक्षण त्याच्याच नांगरावर चाललं होतं. डॉक्टर आमच्याही शेजारी येऊन बसले. आमच्या सिहोऱ्यात प्रेत घरी आणून हळद लावून आंघोळ घालतात, म्हणजे टाके सगळ्यांना दिसणार. आई नाही म्हणाली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते डॉक्टरांना म्हणाले, "पाहा."

टाके डॉक्टरांनी स्वतः घातले, अगदी बारीक, आणि वर कोरं कापड गुंडाळलं. आंघोळीच्या वेळी आईने ते सोडलं. टाक्यांवरून हात फिरवला. ओरडली नाही. बाबांशी मात्र पुढे ती कधी सरळ बोलली नाही.

तेरवी झाल्यावर डॉक्टर घरी आले. "उजव्या बरगड्याइखाली, यकृतात पू होता. छातीत फुटला. मी टायफॉईड समजत राहिलो. आधी समजलं असतं तं जाड सुईनं काढता आला असता."

"मंग हे सांगाले काहून आलात?" बाबांनी विचारलं.

"तुमीच पाहू देलं भाऊ. तुमाले नाही तं कोनाले सांगू?"

त्यानंतर तापाच्या प्रत्येक रोग्याच्या उजव्या बरगड्या ते दाबून पाहत, नव्या डॉक्टरांनाही दाबायला लावत. वरठीचा एक कामगार असाच सापडला. सुईतून विटकरी पू आला. तो आपल्या पायांनी घरी गेला.

बदली झाली तेव्हा हे सांगायला ते पुन्हा आले. आई दाराशी उभी राहून ऐकत होती. "कोनाचं तरी पोट्टं वाचलं, चांगलं झालं," ती म्हणाली. "पन डॉक्टर, तुमी आता मले दिसू नोका."

"बरोबर हाये, माय," म्हणून ते उठले. चहा तसाच राहिला.

एसटीपर्यंत मी त्यांच्याबरोबर गेलो. वाटेत एवढंच म्हणाले, "लोक नाही म्हनतीन. शिव्या देतीन. तरी विचारजो."

मी विचारतो. जवळजवळ सगळे नाही म्हणतात, आणि घरात आई असताना त्यांना दोष कोणत्या तोंडाने देऊ? ते आपला माणूस घेऊन जातात. मला न कळलेलं त्याच्यासोबत जळून जातं, आणि सकाळी तसाच ताप घेऊन दुसरं कुणीतरी माझ्यासमोर येऊन बसतं.