मला वाचता येत होतं

साहेबांनी कोरा कागद ओढला, दौतीत टाक बुडवला आणि ठळक अक्षरांत एक ओळ लिहिली. मग तो कागद माझ्या नाकासमोर धरला.

"हे काय आहे, सांग."

त्या ओळीत माझ्या आईला शिवी होती. नुसती नव्हे, जातीसकट. आई त्या वेळी घरी भाकरी थापत असेल. साहेबांचं लक्ष कागदाकडं नव्हतं, माझ्या तोंडाकडं होतं. शेजारच्या खुर्चीतला कारकूनही माझ्याकडंच बघत होता. माझे कान तापतात का, मूठ आवळते का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

मी हसलो. म्हणालो, "रांगोळीवानी दिसतंय, साहेब."

दोघंही पोट धरून हसले. साहेब कारकुनाला म्हणाले, "हा आंधळाच आहे. ह्याला ठेवा."

अशी माझी परीक्षा झाली. आईची शिवी वाचून हसलो, म्हणून पास झालो. त्या दिवसापासून माझं नाव आंधळा पडलं. जन्मापासून दोन्ही डोळे शाबूत असलेला मी, साहेबांच्या हाकेला "जी" म्हणत गेलो.

काश्मीरची लढाई सुरू होती तेव्हाची ही गोष्ट. कोल्हापूर अजून संस्थानच होतं. शहरातल्या एका टपाल कचेरीत मी पॅकर होतो. म्हणजे टपालाच्या थैल्या बांधायच्या, गाठीवर लाख वितळवून सील मारायचं, ओझी वाहायची. मागच्या बाजूला एक खोली होती. तिच्यात पोलिसांच्या गुप्त खात्याचे हे साहेब येऊन बसले. लढाई आहे, शत्रूला बातम्या जाता कामा नयेत, म्हणून काही पत्रं उघडून बघायची होती. त्यांना असा माणूस हवा होता, ज्याचे हात हुशार असतील आणि डोळे बिनकामाचे.

हात माझे हुशार होतेच. टपालात लागण्याआधी मी एका बाईंडर चाचांच्या दुकानात काम करायचो. मैद्याची खळ शिजवायची, कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायचं, छापील कागदांचे ताव, म्हणजे फर्मे, हाडाच्या पट्टीनं घडी घालून लावायचे. फर्मे लावता लावता मी अक्षरं शिकलो. शाळेच्या दारात जे मिळालं नाही, ते मला रद्दीच्या ढिगात मिळालं. एकदा एका वकिलाचं पुस्तक बांधायला आलं होतं. त्याच्या फर्म्यावर वाकून मी वाचत होतो आणि वकील दारात उभा. माझे ओठ हलताना त्यानं बघितले. महाराच्या पोरानं माझा ग्रंथ बाटवला म्हणून त्यानं रस्ता गोळा होईपर्यंत आरडाओरडा केला. चाचांना तो फर्मा नव्यानं छापून आणून द्यावा लागला. माझ्यावर ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "वाच की, बेटा. फक्त होठ हलवू नको."

ते मी मनात पक्कं धरून ठेवलं. टपालात कुणी विचारलं की मी सांगायचो, न्हाय साहेब, अंगठाबहाद्दर. घरीही तेच. आमच्या महारवाड्यातही कुणाला माहीत नव्हतं. सरकारी नोकरी होती, खाकी डगला होता. तो जाऊ नये म्हणून मी आंधळा झालो.

खोलीतलं काम असं. दुपारची डाक आली की साहेबांच्या यादीतल्या नावांची पाकिटं बाजूला निघायची. मी स्टोव्हवर किटली ठेवायचो. वाफेवर पाकिटाची पाठ धरायची, डिंक सैल झाला की हाडाची पट्टी हलकेच फिरवायची. साहेब वाचायचे, कारकून उतरून घ्यायचा, मग मी पाकीट परत चिकटवायचो. वळीसुद्धा राहायची नाही. खोटं कशाला बोलू, त्या सफाईचा मला अभिमान वाटायचा. साहेबांचा चहा बाहेरनं कपबशीत यायचा. माझ्यासाठी खिडकीबाहेरच्या फळीवर टिनाचा मग होता. माझ्या हातानं उघडलेली पत्रं त्यांना चालायची, माझ्या हातचं पाणी चालायचं नाही.

पत्रं ते माझ्यापुढं उघडी टाकायचे. भिंतीपासून कोण लपवतं? मी सगळी वाचली. कुणाच्या बायकोनं नवऱ्याला लिहिलेली, कुणा म्हाताऱ्यानं मुलीची माफी मागितलेली. ओठ न हलवता वाचली आणि चिकटवली.

आमच्या वाड्यात तानीमावशी राहायची. नवरा कधीच गेलेला, एकुलता एक मुलगा शिरपती पलटणीत. लढाईवर गेला होता. त्याची पत्रं लष्करातच एकदा तपासून यायची, ओळींवर काळी शाई फिरलेली असायची. तरी फौजेतली पत्रं म्हणून आमच्या खोलीत ती पुन्हा चाळली जायची. मावशी दर दोन दिवसांनी कचेरीपाशी यायची. पायरीवर चढायची नाही, खालीच थांबायची. मी बाहेर आलो की विचारायची, "आलंय काय रं, लेकरा?"

उन्हाळ्यात शिरपतीचं पत्र आलं. मीच वाफेवर धरलं. दुसऱ्या शिपायाकडनं लिहून घेतलेलं होतं. पायाला गोळी लागली, दवाखान्यात आहे, गावाचं नाव अमुक. इथं घोंगड्या पुरत नाहीत, रात्री पोरं कुडकुडतात. आणि शेवटी, आई, मी जित्ता हाय, काळजी करू नको.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, "जागेचं नाव लिहिलंय. वर सरकारची बदनामी. हे बाहेर जायचं नाही." पत्र कपाटात गेलं. गावाचं नाव आणि घोंगड्यांची ओळ काळी करून उरलेलं देता आलं असतं. तेवढी शाई दौतीत होती. पण कुणाला त्याची गरज वाटली नाही. मागोमाग आणखी दोन पत्रं आली. तीही कपाटात गेली. शिरपतीचं नाव यादीवर चढलं.

त्याच सुमाराला चंदगडकडचा एक शिपाई पडल्याची बातमी आली. शिरपतीच्याच पलटणीतला. मावशी त्या दिवसापासून रोज येऊ लागली.

"आलंय काय रं?"

"न्हाय मावशी."

ती तीन पत्रं माझ्यापासून वीस पावलांवर होती. कपाटाची किल्ली साहेबांकडं होती, पण पत्रांतला शब्दन्‌शब्द माझ्याकडं होता. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, मावशी, तो हाय. पण मग ती विचारणार, तुला कसं कळलं? वाड्यात बोभाटा होणार. आंधळ्याला दिसतं, हे साहेबांच्या कानावर जाणार. मी रोज ते शब्द गिळले.

आषाढात मावशी तापानं पडली. मी भेटायला गेलो. अंगात काही राहिलं नव्हतं. माझा हात धरून म्हणाली, "तू तितं असतोयास. तुज्या कानावर काय तरी आलं आसंल की. सांग, म्या रडणार न्हाय."

मी म्हणालो, "मला काय कळतंय मावशी, मी अडाणी माणूस."

तिनं हात सोडला. तिसऱ्या दिवशी ती गेली. तापानं गेली असं वाड्यानं म्हटलं. मी तिरडीला खांदा दिला. माझ्या आयुष्यात मी त्याहून हलकं ओझं उचललेलं नाही आणि ते अजून माझ्या खांद्यावरनं उतरलेलं नाही.

नव्या वर्षाला लढाई थांबली. पुढं संस्थान विलीन झालं, राजवाड्यावरचा झेंडा बदलला. खोली मात्र उघडीच राहिली. यादी उलट वाढली. पेठ वडगावचा एक मास्तर आला तिच्यात, कबनूरचा एक हातमागवाला आला. कारकुनानं एकदा भीत भीत विचारलं, "साहेब, लढाई तर संपली. आता कुठल्या हुकमावर?" साहेब म्हणाले, "हुकूम आहे. पण तो गुप्त आहे."

शिरपती परत आला, कुबडीवर. एक पाय गुडघ्याखाली नव्हता. आईच्या पेटीत त्याला त्याच्या जुन्या पत्रांचा गठ्ठा सापडला, सुतळीनं बांधलेला. दवाखान्यातलं एकही पत्र त्यात नव्हतं. तो गठ्ठा घेऊन माझ्या दारात आला.

"तू टपालात हायस न्हवं? माजी तीन पत्रं गेली कुटं?"

"मला काय वाचाय येतंय, शिरपा," मी म्हणालो.

तो कुबडी टेकत निघून गेला. मी आत जाऊन बसलो.

देशाची घटना लागू झाली. आमच्या वाड्यात हलगी वाजली, साखर वाटली. मी साखर खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी किटली ठेवली. पुढं बऱ्याच महिन्यांनी चाचांनी मला एका रविवारी बोलावलं. त्यांचे डोळे मंदावले होते, हाताखाली माणूस नव्हता. घटनेचं मराठी पुस्तक बांधायला आलं होतं. मी फर्मे लावायला बसलो आणि वाचायला लागलो. पहिल्यांदा टपाल हा शब्द शोधला. तो शेवटी एका यादीत सापडला. ते दिल्लीचं खातं, एवढंच. माणसाचं पत्र कुणी फोडू नये, असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. मी खट्टू झालो. मग लढाईचा भाग आला. लढाईत सरकारला फार मोठे अधिकार मिळतात, लोकांचे हक्कही थांबवता येतात, हे वाचून अंगावर काटा आला. पण ते अधिकार गुपचूप घेता येत नव्हते. जाहीर करावं लागत होतं, संसदेपुढं ठेवावं लागत होतं. दोन महिन्यांत तिनं मान्यता दिली नाही तर ते संपत होतं.

लढाईच्या अधिकारालाही मुदत असते, हे मला तेव्हा कळलं. आमच्या खोलीला कसली मुदत? तो फर्मा हातात धरून मी रडलो. चाचा म्हणाले, "क्या हुआ बेटा?" मी त्यांना मावशीचं सगळं सांगितलं. पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

त्या दिवशी मी पेटून उठलो असं म्हणालो तर ते खोटं ठरेल. सोमवारी मी कामावर गेलो. पुढचे कित्येक सोमवार गेलो. डगल्याची ऊब सुटत नाही.

मग एका दुपारी टेबलावर एक जाड पाकीट आलं. मुंबईच्या एका मंत्र्याच्या नावचं. मागं पाठवणाऱ्याचं नाव होतं, शिरपती. माझी तीन पत्रं कुठं गेली, हे तो कुणाकडनं तरी लिहून घेऊन सरकारला विचारत असणार आणि ते विचारणंसुद्धा याच खोलीत येऊन पडलं होतं. किटलीला वाफ आली होती.

"उघड," साहेब म्हणाले.

मी हात मागं घेतले.

"लेखी हुकूम दाखवा, साहेब."

"काय?"

"ह्या पत्राचा. कुणी दिला, सही कुणाची, कवापातुर."

साहेब हसले. "दाखवला तर तुला कळणार आहे का रे, आंधळ्या?"

"कळंल. मला वाचाय येतंय. पयल्या दिशी कागदावर माज्या आईला काय लिव्हलासा, ते बी वाचलंतं."

कारकुनाचा टाक थांबला. साहेबांचं तोंड पांढरं पडलं. लाजेनं नव्हे.

"किती वाचलीस?"

"समदी."

मी स्टोव्ह बंद केला. शिरपतीचं पाकीट उचललं आणि बाहेर मोठ्या खोलीत आलो. मुंबईची थैली बांधायची होती. पाकीट तिच्यात टाकलं, गाठ मारली, लाख वितळवून सील ठोकलं. सगळे बघत होते. साहेब दारापर्यंत आले. थैली फोडा म्हणायला त्यांना कुणाची बंदी नव्हती. पण मग दहा माणसांदेखत म्हणावं लागलं असतं, आणि पोस्टमास्तरांनी कागद मागितला असता. ते परत खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी मला काढल्याचा कागद मिळाला. कारण लिहिलं होतं, लिहिता-वाचता येत असल्याचं लपवून खात्याची फसवणूक केली. तो मी तिथंच, सगळ्यांपुढं, मोठ्यानं वाचला.

संध्याकाळी शिरपतीकडं गेलो आणि सगळं सांगितलं. तो खाली बघून ऐकत होता.

"आई इचारत हुती तवा तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"मराय टेकल्याली तवा बी?"

"व्हय."

त्यानं मला मारावं असं वाटत होतं. तो उठला, कागद आणि दौत आणून माझ्यापुढं ठेवली. म्हणाला, "लिव्ह. समदं लिव्ह. खाली तुजी सही कर." त्यानंतर तो माझ्याशी कामाशिवाय एक शब्द बोललेला नाही. तो माफ करणार नाही आणि मी मागणारही नाही.

मी लिहिलं. माझं नाव, माझी जात, वाफेवर धरलेली पत्रं, कपाटातली तीन पत्रं. पाकीट मोरचूद घातलेल्या खळीनं चिकटवलं. ती वाफेनं सुटत नाही असं नाही. पण ती माझ्या हातची आहे. कुणी हात लावला तर त्याची खूण राहील.

उत्तर आलं नाही. मी दुसरं लिहिलं. तिसरं लिहिलं. आज मी चाचांचं दुकान चालवतो आणि दर महिन्याला एक पत्र लिहितो. शिरपती येतो, माझ्या सहीखाली सही करतो, जातो. मग मी त्याच कचेरीपुढं जातो. मावशी उभी राहायची तिथं, पायरीखाली, उभा राहतो. पाकीट बंद करायच्या आधी ते पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. ओठ हलवून. आतल्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. तानीमावशीच्या नावची तीन पत्रं त्या कपाटात आहेत. ती बाहेर येईपर्यंत मी वाचत राहणार.