शिपायांची पलटण

आमच्या तालमीत अंगावरच्या निळ्या डागाला कुणी डाग मानत नाही. मातीत आपटलं की निळं पडायचंच. त्यामुळे दादाच्या मांड्या न आपटताच निळ्या पडताहेत, दात घासताना हिरड्यांतून रक्त येतंय, हे फक्त मला दिसलं. तालमीचे वस्ताद आमचे वडीलच. त्यांना एवढंच दिसलं, की पोरगा लढतीत लवकर दमतोय. म्हणून रक्त तपासायला दिलं.

रिपोर्टात पांढऱ्या पेशी मर्यादेच्या कितीतरी पट होत्या. खाली ठळक छापलं होतं, डॉक्टरांना लगेच दाखवा. वडिलांनी वाचला तो फक्त वरचा आकडा. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई, हे त्यांना शाळेपासून पाठ होतं. रिपोर्ट घेऊन ते थेट आखाड्यात गेले.

"बघा रं, माझ्या पोराच्या रक्तात शिपायांची पलटण हाय! ह्याला कोण पाडतंय?"

"आबा, एवढ्या असणं चांगलं नसतं. डॉक्टरला दाखवूया," मी म्हणाले.

"तू गप. तालमीतलं तुला काय कळतंय?"

दादा नुसता हसला. म्हशीचं दूध वाढलं, थंडाईतले बदाम वाढले. त्या बदामांचा मला आजही संताप येतो.

पुढं एका सकाळी जोर मारतानाच त्याच्या नाकातून रक्त सुरू झालं, ते थांबेचना. तेव्हा कुठं दवाखाना आठवला. डॉक्टर म्हणाले, रक्ताचा कॅन्सर आहे. त्या पेशी शिपाई नव्हत्याच. कच्च्या होत्या, लढता न येणाऱ्या. हाडांच्या आतल्या मगजात, जिथं रक्त तयार होतं, तिथली सगळी जागा त्यांनी अडवली होती. तांबड्या पेशींना जागा नाही, म्हणून दम लागायचा. प्लेटलेट्सना नाही, म्हणून निळे डाग.

औषधांनी पांढऱ्या पेशी उतरल्या, त्या दिवशी मला हायसं वाटलं. वडील मात्र वॉर्डाबाहेर ढसाढसा रडले. "कमी झाल्या? आता पोरगं लढणार कशानं?" मी त्यांना समजावलं नाही. माझ्यात तेवढी माया उरली नव्हती.

उशीर फार झाला होता. अंगात खरे शिपाई उरलेच नव्हते, दादा साध्या तापानं गेला.

आता तालमीतली पोरं आपापले रिपोर्ट मला दाखवायला आणतात. वडील कट्ट्यावरून विचारतात, "शिपाई किती हाईत?"

"बेताचे," मी म्हणते.

ते मान हलवतात आणि त्या पोराला सांगतात, "दूध वाढीव की रं जरा."