मावशीचं बोट

आईच्या गुडघ्याचा सांधा बदलून आठ दिवस झाले होते. मावशी भेटायला आली ती थेट एसटीतून उतरून. पिशवी खाली ठेवून ती आईच्या पायाशी बसली आणि पट्टीची सुटलेली कड उचलून टाक्यांवरून हलकेच बोट फिरवू लागली.

"मावशी, हात काढ!" मी ओरडलो.

चटका बसावा तसा तिने हात मागे घेतला. जखमेत जंतू शिरले तर नवा सांधासुद्धा काढावा लागू शकतो, असं घरी सोडताना नर्सने बजावलं होतं. मी ते तिला सांगितलं. ती स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली.

"मी ताईचं वाईट करीन का रे?"

लहानपणी मला गोवर आला, तेव्हा माझ्याजवळ बसून राहिलेली ही बाई. तिच्या मायेबद्दल मला शंका नव्हती, पण जंतूंना माया कळत नाही, हे तिला कोणत्या शब्दांत सांगायचं?

दवाखान्यात फोन केला, तर त्यांनी लगेच बोलावून पट्टी बदलली. पुढचे दिवस मी सकाळ-संध्याकाळ आईचा ताप मोजत होतो, जखमेभोवती लाली दिसते का ते बघत होतो. काही झालं नाही. टाके निघाले, जखम कोरडी होती.

त्यानंतर मावशी आली, ती दाराजवळच्या खुर्चीवरच बसली.

"अगं, जवळ ये की," आई म्हणाली.

"इथून दिसतेस की चांगली," मावशी म्हणाली.