बिननावाचं माप

खाला नसती तर मी आज कुठं असते, हा विचार मी पुरा करत नाही. अर्ध्यावर आला की उठून काहीतरी काम काढते. म्हणून आधी तिचंच सांगते, काय घडलं ते मागून.

नांदेडच्या जुन्या वस्तीत, एका अरुंद गल्लीत खालाचं दुकान होतं, अजून आहे. बायका-पोरींचे कपडे शिवायचं. तिची आई तिथंच शिवायची, आईची आईपण. नात्यानं ती माझी कुणी नव्हती, सगळी गल्लीच तिला खाला, म्हणजे मावशी म्हणायची. मी तिला तोंडावर तुम्ही म्हणायचे, मनात ती. सातवीत शाळा सुटलेली, जळकोटकडच्या खेड्यातून दोन एसट्या बदलून आलेली, एकोणीस वर्षांची मी. तिनं मला काम दिलं, दुकानामागची खोली दिली आणि आठ दिवसांनी एक वही दिली.

वही नवी नव्हती. मापांची होती. पुढच्या निम्म्या पानांवर खालाच्या आईच्या हातची मापं. वर नाव, खाली छाती, कंबर, खांदा, उंची. त्यातल्या कितीतरी बायका आता या जगात नव्हत्या, मापं तेवढी राहिली होती. मागची पानं कोरी.

ती दिली याचं कारण माझा हात. टिपा वाकड्या यायच्या. कुणी मागून हाक मारली की सुई बोटात.

“काय झालंय गं तुला?” खालानं विचारलं.

मला सांगता येईना.

“मग लिहून काढ.”

“लिहायला येत न्हाई ओ खाला. वेलांट्या चुकतात.”

“चित्र काढ मग. पोटात काय हाय ते तुझं तू बघ, मला दाखवू नको. आमची अम्मी गेली तवा मी दोन महिने नुसत्या कात्र्या काढल्या.”

“कात्र्या?”

“हाव. मग एक दिवस कात्रीच्या जागी चहाची किटली निघाली. तवा समजलं, आता बरं वाटून राहिलंय.”

दुपारी ती नमाजाला आत जायची, शटर अर्धं खाली ओढलेलं असायचं. खालून उन्हाची एक पट्टी फरशीवर यायची, गल्लीत चिटपाखरू नसायचं. त्या अर्ध्या तासात मी वही उघडायचे. पहिले काही दिवस काय काय काढलं. दार नसलेलं घर, पायऱ्या नसलेली विहीर, पाठमोरी गाय. मग एका दुपारी फ्रॉक काढला. शिवणाऱ्या माणसाचा हात तो, कपड्याचं चित्र नुसतं कसं काढील? छाती, खांदा, उंची, सवयीनं बाजूला आकडे टाकले. छाती चोवीस. वर नाव टाकायची जागा मोकळी सोडली.

दुसऱ्या दिवशीही फ्रॉकच आला. तिसऱ्याही. मी दुसरं काही काढायचं ठरवून बसायचे, झाड, रस्ता. पेन्सिल खांद्याच्या उताराकडं वळायची. आकडे मी विचार करून टाकत नव्हते, ते येत होते. एका दुपारी आधीची पानं चाळली, मग पुन्हा पहिल्यापासून चाळली. छाती चोवीस होती ती साडेचोवीस झाली होती. उंचीपण एका बोटानं वाढली होती.

तेव्हा कळलं, हे माप कुणाचं.

मला एक धाकटी बहीण होती. तिचं माप कुणी कधी घेतलंच नव्हतं. आमच्या घरची रीतच तशी होती. नवा कपडा थोरलीला, म्हणजे मला. मला आखूड झाला की तो तिचा. माझं जे तिला बसेल ते तिचं. दप्तर, चपला, रिबिनी, सगळं. एका पंचमीला मला पिवळा फ्रॉक शिवला. झोक्यावर जाताना तिनं तो एकदा घालायला मागितला. मी म्हणाले, “आखूड झाला की तुझाच हाय की. थांब जरा.” ती थांबली. त्याच थंडीत तापानं गेली. पुढच्या वर्षी तो फ्रॉक मला आखूड झाला आणि द्यायला कुणी नव्हतं. मी शाळेत जायची थांबले.

आता ती वहीत वाढत होती. मला भीती वाटायची ती वेगळ्याच गोष्टीची. माझी छाती बत्तीस, खांदा साडेतेरा. तिचं माप तिथवर आलं, माझं सगळं तिला बसायला लागलं, की रीतीप्रमाणं ते तिचं होणार. मग मी कुठं जायचं? हसू येईल असं आहे, मलाही लिहिताना थोडं येतं आहे. तेव्हा येत नव्हतं. मी रोज सकाळी स्वतःला टेप लावून बघायचे, बत्तीस आहे ना. वही बंद ठेवली की टिपा जास्त वाकड्या यायच्या, उघडली की आकडा वाढायचा. पंचवीस झाली.

नेमकी तेव्हाच खालाकडून चूक झाली. लग्नसराई होती. मी बसस्टँडजवळच्या दुकानात अस्तर आणायला गेले होते, वही मशीनवर राहिली. खालाला दिसतं कमी, आणि मापांची वही म्हणजे गिऱ्हाइकाचं काम, हे तिच्या तीन पिढ्यांच्या हाडात बसलेलं. तिनं वही उघडली. उघडली ती फ्रॉकच्या पहिल्या पानांवर, छाती चोवीसच्या. कुणा पोरीचा फ्रॉक राहून गेला म्हणून तिनं कापड काढलं, बेतला आणि शिवूनही टाकला.

मी परत आले तेव्हा फ्रॉक खुंटीवर लटकत होता. जांभळा, पांढऱ्या बुट्ट्यांचा. असला रंग आमच्या घरात कुणी घातला नव्हता. पंखा बंद होता आणि फ्रॉकचा घेर हळूहळू हलत होता. दारातून माझ्याबरोबर वारा आला असेल.

“हे कोण गं गिऱ्हाईक?” खाला म्हणाली. “नाव टाकायची अक्कल न्हाई तुला? कवा न्यायला येणार हाय पोरगी?”

मी तिथंच फरशीवर बसले. बहीण, पिवळा फ्रॉक, वाढणारे आकडे, माझी बत्तीस, सगळं एका दमात सांगितलं. मला वाटलं आता ती मला घरी पाठवणार. बाहेरचं लागलेली पोरगी कोण ठेवून घेईल? घरी पाठवलं तर मी बहिणीच्या गोधडीच्या घडीशेजारी, त्या झोक्याच्या झाडाखाली किती दिवस टिकले असते, ठाऊक नाही.

खालानं वही घेतली, डोळ्यांजवळ धरून पान पान पाहिलं.

“आता पंचवीस हाय?”

“हाव.”

तिनं फ्रॉक खुंटीवरून काढला, उलटा केला, दोन्ही बगलांच्या टिपा उसवल्या आणि अर्धा-अर्धा इंच सैल करून परत मारल्या. पोरींचे कपडे ती नेहमी वाढत्या अंगाचे शिवायची. दोन्ही बगलांना पुढून-मागून एक-एक इंच माया, म्हणजे जादा कापड, आत दुमडलेली, खाली घेरालापण रुंद दुमड.

“जिनं जन्मात माप दिलं न्हाई, ती माप द्यायला येऊन राहिली,” ती म्हणाली. “तुला न्यायला कशाला येईल? तू काय तिला बसते का?”

त्यानंतर आमचा एक नेम झाला. मी दुपारी चित्र काढायचे, लपवायचे नाही. आकडा वाढला की खालाला सांगायचे. ती कुरकुरत टीप उसवायची. “कायच्या काय वाढून राहिली गं तुझी बहीण. हिला तिथं काय खायला घालतात?” मी हसायचे, आणि हसता हसता खुंटीकडं बघायचे. कारण एक गोष्ट खालालापण दिसली होती. फ्रॉक आम्ही इस्त्री करून टांगायचो. दोन दिवसांत कमरेशी आणि मागून घेराला चुण्या पडायच्या, कुणी घालून बसल्यासारख्या. खाला म्हणायची, दमट हवा आहे. उन्हाळा होता तो, नांदेडचा.

साडेपंचवीस, सव्वीस, सत्तावीस. एका दुपारी अठ्ठावीस आला. खालानं टीप उसवली, कापड बोटांत धरून उजेडाला नेलं आणि मला दाखवलं. माया संपली होती. कडेची दशी दिसत होती. घेराची दुमडपण पुरी उलगडलेली.

“बघ. आता याच्याम्होरं कापड न्हाई,” खाला म्हणाली. “हे तिला सांग.”

“कसं सांगू?”

“तुझ्या वहीत सांग. मी अनपढ, आकडे तेवढे येतात, मी काय सांगू?”

मी वही उघडली. शटरखालून उन्हाची पट्टी पायाशी आली होती. फ्रॉक काढला आणि बगलेच्या रेघेवर आतून एक दशी काढली, उसवलेली, संपलेली. मग वरच्या मोकळ्या जागी पहिल्यांदा तिचं नाव लिहिलं. वेलांटी चुकली असेल, मी पुन्हा बघितली नाही.

दुसऱ्या दिवशी आकडा आला, अठ्ठावीसच. आठवडाभर अठ्ठावीस. मग एका दुपारी पेन्सिल खांद्याच्या उताराकडं वळलीच नाही, आणि पानावर झोका निघाला, रिकामा, थोडा पुढं गेलेला. मी तो खालाला दाखवला. ती म्हणाली, “किटली न्हाई निघाली, पण चालतंय.”

आता मी लातूरला असते. खालाच्या ओळखीनंच इथं गणवेश शिवायचं काम मिळालं. शाळा सोडलेल्या माणसाच्या हातून शेकडो शाळेचे फ्रॉक जातात. प्रत्येकाला आत माया ठेवते. वही जवळ आहे. महिन्यातून एखादं चित्र काढते. सकाळी अजून कधीकधी टेप लावते. बत्तीस होती, आता चौतीस आहे.

जांभळा फ्रॉक नांदेडला खुंटीवरच आहे. कुणी विकत मागितला तर खाला सांगते, “गिऱ्हाइकाचा हाय.” इस्त्री करते का विचारलं, तर म्हणाली, “करते की. चुणी पडली की करते.”

त्या वहीत शेकडो बायकांची मापं आहेत, खालाचं नाही. दोन्ही बाजूंनी चाळून पाहिलं. ती स्वतःसाठी जुनाच कुर्ता कापडावर पसरून अंदाजानं कापते, टेप घेऊन जवळ गेलं की म्हणते, “आता या वयात काय माप.” तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, सुईत दोरा जात नाही. मी एक दिवस नांदेडला जाईन, तिला दुकानाच्या उंबऱ्यात उजेडाला उभी करीन आणि नको म्हणाली तरी टेप लावीन. शेवटच्या कोऱ्या पानावर आधी तिचं नाव लिहीन, मग आकडे. आणि मनाजोगतं कापड घेऊन माझ्या हातानं तिला तिच्या मापाचा कुर्ता शिवीन. खाला, तोवर तुम्ही थांबा. मी एकदा कुणाला तरी थांब म्हणाले होते, म्हणून सांगते, या वेळी मी लवकर येईन.