माइकवरचा रुमाल

काल दातांच्या डॉक्टरांनी दाढेला लवंगेचं तेल लावलं आणि मला पंचायतीचा माइक आठवला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कामरगावजवळच्या आमच्या खेड्यात पंचायतीच्या भोंग्यावरून नारायणकाका रोज संध्याकाळी बाजारभाव आणि गावच्या सूचना वाचत. त्यांच्या तोंडात लवंग असायची. माइकवर बांधलेल्या त्यांच्या रुमालालाही तोच वास यायचा. ते मुलाकडे नागपूरला राहायला निघाले, तेव्हा पंचायतीने नव्या आवाजासाठी चाचणी ठेवली. गावालाही ऐकता यावं म्हणून भोंगा चालूच होता.

आधीच्या तिघांनी तो रुमाल बांधलेल्या माइकवरच वाचलं. माझा नंबर आला तसा एका पंचाने रुमाल सोडून खिशात घातला. आम्ही बौद्ध होतो.

मी माइकसमोर वाकले. "भाऊ, रुमाल काहून काढला?"

प्रश्न गावभर गेला. तो हळूच म्हणाला, "धुवायचा हाय, पोरी."

"तिघायच्या तोंडानं नाही मळला, अन् मी वाचायच्या आधीच मळला?"

बाहेर पारावर कुणीतरी मोठ्याने हसलं. नारायणकाका उठले. "रुमाल माहा हाय. बांध परत."

"राहू द्या, काका," म्हणत मी माइकच्या उघड्या जाळीवर अख्खा कागद वाचला: तूर, कापूस, ज्वारी.

पंचायतीने जागा दुसऱ्याला दिली. घरी येऊन मी रडले होते. आज कळतं, भोंग्यावरचा तो प्रश्न गावात कोणालाच टाळता आला नव्हता. पुढे तीस वर्षं मी रेडिओवर बातम्या वाचल्या. माइकवर रुमाल कधी बांधू दिला नाही.